मागच्या गल्लीतला अर्ज

नगरपालिकेच्या बांधकाम खात्यासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. काखेत फाईल धरून जो घाईघाईने चालतो त्याच्या मनात काहीतरी असतं, आणि जो सावकाश चालतो त्याच्या मनात त्याहून जास्त असतं. माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. पण माझं राहू द्या. ज्यांच्यापुढे मीही भोळाभाबडा ठरावा, अशा एकच बाई मी पाहिल्या.

त्यांचा धंदा रफूचा. आमच्या भागात मात्र त्यांना सगळे ‘हरकतवाल्या बाई’ म्हणत. कोणी घर बांधायचा किंवा वाढवायचा अर्ज केला की नगरपालिका आपल्या फलकावर सूचना लावते, ‘कोणाची हरकत असल्यास कळवावे’. ही सूचना कोणी वाचत नाही. माणसं भिंत उभी राहिल्यावर भांडतात, तोवर फक्त भिंतीशीच भांडायचं उरलेलं असतं. बाई ती सूचना वाचत. दर सोमवारी अकराच्या ठोक्याला येत, आणि खालून वर वाचत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, “लोकांनी वाचू नये असं ज्यांना वाटतं ते खालीच लावतात ना हो. वर सगळ्या पाणी बंद असल्याच्या सूचना.”

पन्नाशी उलटलेली, उंच, किडकिडीत बाई. नवऱ्याला जाऊन आठ-दहा वर्षं झालेली, लेक लांबच्या शहरात नोकरीला. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत जाड वही आणि स्वतःचं पेन. काउंटरवर दोरीने बांधलेलं पेन असतं, त्याला त्या हात लावत नसत. “पेन बांधून ठेवणाऱ्यांचा आपल्यावर विश्वास नाही, मग आपण त्यांच्यावर कशाला ठेवायचा?” हे काउंटरवरच्या कारकुनाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. कारकून बिचारा शांत माणूस. कोपराशी कायम चहाचा थर्मास, म्हणून आम्ही त्यांना थर्मासवाले म्हणायचो. ते निमूटपणे अर्जांची नोंदवही पुढे सरकवत. त्या वहीत अर्जाचा नंबर, तारीख, गल्ली आणि काम, एवढंच असतं. अर्ज कोणाचा, नकाशा काय, हे बघायचं तर फाईल मागवावी लागते. बाई सगळ्या नोंदी आपल्या वहीत उतरवून घेत. आपल्या रस्त्यावरची फाईल असली तर ती मागवून शेवटच्या पानापर्यंत बघत, बाकीच्या गल्ल्यांची नुसती नोंद.

मग माझ्या दुकानात येऊन, कोणी विचारो न विचारो, शिकवण्या सुरू.

“नंबर नसेल त्या गोष्टीवर भांडू नका, ती अफवा. नंबर मिळाला की फाईल मागा. अकरा ते एक फाईल दाखवणं त्यांना भागच आहे. साहेब जागेवर नाहीत म्हणाले, तर म्हणायचं, मला साहेब नाही बघायचे, फाईल बघायचीय. सूचना लागल्यापासून एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी तुम्ही कितीही खरे असा, मुके. हरकत लेखी द्यायची, त्यात शिव्या नकोत. भिंत किती फुटांवर, काय अडतं, पुरावा काय, बस्स. आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का पडल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही. ठेवून जा, मारतो नंतर, असं म्हणाला तर त्याच्या तोंडाकडे बघत तिथंच उभं राहायचं.”

लोक माना डोलवत आणि विसरून जात. बाईंचं खरं निघालं की मात्र त्यांच्याच दारात जात. डॉक्टरांच्या नव्या जिन्याने गटारावर पाय ठेवला, तो बाईंनी नकाशातच पकडला. शाळेमागची पायवाट एका अर्जात अलगद गायब झाली होती, तीही त्यांनीच परत आणली. माझ्या झेरॉक्सलाही त्या सोडत नसत. प्रत उजेडात धरायच्या. “ही फिकट आलीय.” मी म्हणायचो, नाही हो. पुन्हा बघावं तर खरंच फिकट. बाईंचं कधी चुकतच नसे, आणि चुकत नाही अशा माणसाशी रोज गाठ पडणं फार त्रासाचं असतं.

हे सगळं त्या का करत, हे कळायला त्यांची खोली बघायला हवी. दोन मजली जुनं घर, वरच्या मजल्यावर मागच्या अंगाला कामाची खोली. खोलीत एक खुर्ची, एक टेबल, भिंतीवर दोऱ्यांच्या रिळांच्या फळ्या आणि चार फूट रुंदीची एक खिडकी. त्या खिडकीतून ऊन येत नसे, नुसता उजेड येई, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा. रफूला तोच लागतो. कोटाला जळकं भोक पडलं, तर बाई त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढत आणि एक उभा, एक आडवा असे भरत जात. सगळी गंमत रंगाची. दिव्याखाली राखाडी आणि निळसर राखाडी सारखेच दिसतात, बाहेर रस्त्यावर गेलं की ठिगळ ओरडायला लागतं. बाईंचं रफू कुठे केलंय ते गिऱ्हाइकालाही बोट ठेवून दाखवता येत नसे. त्या म्हणत, “हात माझे आहेत, पण डोळे खिडकीचे आहेत.” ती खिडकी गेली की बाईंचा धंदा गेला, इतका सरळ हिशेब होता.

आणि त्या खिडकीसमोर गादीवाल्याचं गोदाम होतं. बुटकं, पत्र्याचं, त्याच्यावरून पलीकडचं आकाश मोकळं दिसे. गादीवाल्याचं दुकान बाईंच्या घराला लागून, पुढच्या रस्त्यावर. त्याच जागेचा, बाईंच्या घरामागे वळलेला भाग म्हणजे हे गोदाम, आणि गोदामाचं दार मागच्या गल्लीत उघडतं. एकच जागा, दोन तोंडं. गादीवाला स्वतःही तसाच. बाई दर सोमवारी वही उघडत ती मुळात या माणसासाठी. “हा वर चढणार,” त्या म्हणत. “आज ना उद्या चढणार. पण मला न कळता नाही.”

तर एका बुधवारी दुपारी गादीवाला माझ्या दुकानात आला. हातात नकाशाची गुंडाळी.

“पाच प्रती काढा. स्वच्छ हव्यात हं.” मग काउंटरवर वाकून, आवाज बारीक करून म्हणाला, “आणि भाऊ, कागद म्हणजे कागद. काय?”

“आम्ही वाचत नाही,” मी म्हणालो.

झेरॉक्सवाला ‘आम्ही वाचत नाही’ म्हणतो तेव्हा तो दोनदा वाचतो, हे लक्षात ठेवा. गोदामावर वाढीव दोन मजले. जागेचा पत्ता म्हणून मागच्या गल्लीचं नाव, पुढच्या रस्त्याचा उल्लेखच नाही. आणि बाईंचं घर एका सरळ रेघेत काढलेलं. त्या रेघेवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘शेजारील घर, बंद भिंत’. चार फुटांची खिडकी, जिच्याखाली बसून मी स्वतः माझी विजार रफू करून घेतली होती, ती नकाशात नव्हतीच. समोर खिडकी असली की अंतर सोडावं लागतं. बंद भिंतीला काही सोडावं लागत नाही.

मी पाचही प्रती काढल्या. मोठ्या नकाशाच्या पाठीमागे कोपऱ्यात मी माझ्या दुकानाचा जांभळा शिक्का मारतो, खाली तारीख. उद्या कोणी दुसरीकडची खराब प्रत आणून माझ्या नावावर खपवायला नको. शिक्के मारले, गुंडाळी बांधून दिली. गादीवाला गोड हसून गेला.

मी बाईंना सांगितलं नाही. का नाही सांगितलं? माझ्याकडे कारणं तयार होती. काचेवर आलेला कागद बाहेर बोलायचा नाही, हा दुकानाचा नियम. गादीवाला जुनं गिऱ्हाईक. आणि बाईंना सांगायची गरजच काय, त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, सोमवारी त्या स्वतःच पकडतील.

सोमवारी बाई आल्या. फलक वाचला, नोंदवही वाचली, वहीत उतरवून घेतलं आणि दुकानात येऊन घोटभर पाणी प्यायल्या.

“काय म्हणतंय खातं?” मी विचारलं.

“काही नाही या खेपेला. मागच्या गल्लीत गोदामावर मजले चढवायचा अर्ज आहे. तो बर्फवाला असणार. दर वर्षी अर्ज करतो आणि दर वर्षी त्याचे कागद अपुरे पडतात.”

मागच्या गल्लीत बर्फवाल्याचंही गोदाम आहे, हे खरं. बाईंनी स्वतःच्या हाताने नंबर लिहून घेतला होता. फाईल मागवली नव्हती, कारण रस्ता त्यांचा नव्हता. मी “हो का?” म्हणालो आणि मशीनकडे वळलो. वळलो कारण मला हसू येत होतं.

नियमाप्रमाणे जागेवरही पिवळी सूचना चिकटवावी लागते, रस्त्यावरून दिसेल अशी. गादीवाल्याने ती चिकटवली होती, अगदी नियमाने, गोदामाच्या शटरवर. सकाळी आठला शटर वर जायचं, आणि त्याबरोबर सूचनाही गुंडाळून वर. रविवारी गोदाम बंद असतं एरवी, पण ते दोन रविवार माल आलाय म्हणून त्याने उघडं ठेवलं. मला हे नंतर कळलं. ऐकून मी कपाळाला हात लावला, पण खोटं कशाला बोलू, त्या माणसाचं थोडं कौतुकही वाटलं.

दुसरा सोमवारही तसाच गेला. त्या आठवड्यात जेवताना बायकोने माझ्याकडे रोखून पाहिलं.

“आठ दिवस बघतेय. मूग गिळून काय बसलात?”

मी सांगितलं. तिने हातातला घास खाली ठेवला.

“मग उठा आणि सांगून या. चार घरं टाकून राहतात त्या.”

“दुकानाचा नियम आहे.”

“नियम!” ती म्हणाली. “डॉक्टरांच्या घटस्फोटाचे कागद आले होते ते मला कोणी सांगितलं? शेजाऱ्याने आईची खोली बहिणीला न विचारता स्वतःच्या नावावर केली, ते? नियम म्हणे.”

सोमवारी सांगतो म्हणालो. सोमवारी बाई आल्या तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत बाई गेल्या. मी हाक मारू शकलो असतो. आमचा रस्ता काही नदी नाही.

विसाव्या दिवशी, रविवारी, गादीवाल्याच्या सासूबाई पाय घसरून पडल्या आणि त्याला गोदाम बंद करून दवाखान्यात धावावं लागलं. त्याच दुपारी बाई कोणाचा तरी रफू केलेला कोट पोचवायला मागच्या गल्लीतून निघाल्या होत्या. शटर खाली, त्यावर पिवळा कागद.

सोमवारी सकाळी मी दुकान उघडायला आलो तर बाई पायरीवर बसलेल्या. डोळे लाल. रात्रभर लिहीत होत्या, हे सांगायला नको. एका पानाची हरकत, आणि दुसरं पान म्हणजे थर्मासवाल्यांविरुद्ध तक्रार. ‘सदर कारकुनाने अर्जदाराशी संगनमत करून पत्ता फिरवून नोंद केली.’

“तीन-तीन प्रती,” त्या म्हणाल्या. “आज शेवटचा दिवस आहे.”

“बाई, ही तक्रार...”

“तोच आहे आतला माणूस. कोणीतरी आतला असल्याशिवाय हे होतं का? गादीवाला चोर, त्याचा आर्किटेक्ट चोर, आणि हा थर्मास बाळगणारा त्यांचा दरवान.” मग माझ्या हातात कागद देत म्हणाल्या, “या सगळ्यात तुम्ही एक आहात. तुमच्या हातात कागद द्यायला मला भीती वाटत नाही.”

मी तक्रारीच्या तीन प्रती काढल्या. माझ्या आयुष्यात मी इतकी गडद, इतकी स्वच्छ प्रत कधी काढली नाही.

पोच मिळेपर्यंत साक्षीला चला म्हणाल्या, म्हणून मीही गेलो. काउंटरवर जे झालं ते सगळ्या खात्याने ऐकलं. थर्मासवाल्यांनी नोंदवही उघडून दाखवली. “बाई, अर्जात जो पत्ता तोच मी लिहिलाय. तुम्ही स्वतः उतरवून घेतलात की.”

“गल्लीचं नाव लिहून डोळ्यांत धूळ फेकलीत! किती वर्षं ओळखता मला? फाईल बघा बाई, असं एका शब्दाने म्हणाला असतात तर?”

“मला कसं कळणार, बाई? मी नकाशे बघत नाही. मी फक्त नोंद करतो.”

“सगळे असंच म्हणतात,” बाई म्हणाल्या. “आम्ही बघत नाही!”

थर्मासवाल्यांचा चेहरा पांढरा पडला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. त्यांनी आपल्याविरुद्धच्या तक्रारीवरही पोचेचा शिक्का स्वतःच्या हाताने मारून दिला. मी बाईंच्या मागे उभा राहून छताचा पंखा बघत होतो.

हरकत वेळेत गेली, पण ती एका रात्रीत लिहिलेली एका पानाची हरकत होती. पुरावा नव्हता. बाईंचं घर बांधताना मंजूर झालेला जुना नकाशा, ज्यात ती खिडकी होती, तो नगरपालिकेच्याच दप्तरखान्यात पडलेला. त्याची खरी प्रत मिळायला पंधरा कामाचे दिवस लागतात. बाईंनी त्याच दिवशी अर्ज केला. आणि सुनावणीची तारीख लागली बाराव्या दिवशी. तीन आठवडे आधी कळलं असतं तर प्रत हातात घेऊनच बाई उभ्या राहिल्या असत्या.

सुनावणीआधी फाईल बघायची होती. मापं उतरवून घ्यायला मदत करा म्हणून त्यांनी मला पुन्हा सोबत नेलं. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. थर्मासवाल्यांनी फाईल आणून ठेवली. बाईंनी नकाशा उलगडला, ‘बंद भिंत’ या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग नकाशा पालथा घातला. रफूवाल्यांची ही सवय असते, कापड असो की कागद, पाठ बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही.

कोपऱ्यात माझा शिक्का होता. जांभळा, ठळक, दुकानाच्या नावासकट. खाली त्या बुधवारची तारीख.

बाईंनी तो वाचला. पुन्हा वाचला. आता बोलतील, आता सगळ्यांसमोर बोलतील, असं वाटत राहिलं. त्यांनी नकाशा पुन्हा सुलटा केला.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “उंची, अठरा फूट.”

मी लिहिलं. अठरातला आठ मला दोनदा गिरवावा लागला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बाई रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोललो असतो, भांडलो असतो, नियम सांगितला असता. त्या दुकानात येईनात. रस्त्यात भेटल्या तर मान हलवायच्या, पूर्वीसारखीच. मला संशय यायला लागला की त्यांनी तारीख नीट वाचलीच नाही. मग वाटे, वाचलीय, आणि सुनावणीत काढणार आहेत. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे मी बघू लागलो, याला बाईंनी काही सांगितलंय का. बायको म्हणाली, “आता तरी जा.” मी गेलो नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही.

सुनावणीला अर्धा तास लागला. जागेची पाहणी झाली होती, खिडकी आहे हे नगरपालिकेच्या इंजिनिअरने मान्य केलं होतं. पण गादीवाल्याचा आर्किटेक्ट शांतपणे म्हणाला, “खिडकी नंतर फोडलेली आहे. परवानगी असेल तर कागद दाखवावा.” बाई म्हणाल्या, कागद तुमच्याच दप्तरखान्यात आहे, तारीख द्या. अधिकारी म्हणाले, “कागद हरकतीसोबत लागतो, बाई. एकवीस दिवस त्यासाठीच असतात.” हे वाक्य बाईंनी माझ्या दुकानात किती जणांना ऐकवलं असेल! त्यांनी मान खाली घातली. दोनऐवजी एक मजला मंजूर झाला, अंतर न सोडता. जुन्या नकाशाची खरी प्रत निकालानंतर चार दिवसांनी आली. खिडकी त्यात स्वच्छ काढलेली होती. बाईंनी वर दाद मागितली आहे, पण त्याला वर्ष लागेल की दोन, कोणी सांगत नाही.

मजला चढायला दोन महिने पुरले. आता बाईंच्या खुर्चीतून विटा दिसतात, आणि मान वर केली तर वरच्या तावदानात आकाशाची एक पट्टी. गडद रंगाचं काम त्या परत पाठवतात, हे मला गिऱ्हाइकांकडून कळलं. लेकीने आपल्याकडे राहायला ये म्हणून तगादा लावलाय, हेही.

परवाच्या सोमवारी बाई दुकानात आल्या. किती दिवसांनी! मी स्टुलावरून उठलो. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. थर्मासवाल्यांविरुद्धची तक्रार मागे घेत असल्याचा अर्ज होता. ‘माझ्या गैरसमजातून ही तक्रार केली गेली. सदर कर्मचाऱ्याची काही चूक नव्हती.’

“दोन प्रती,” त्या म्हणाल्या.

मी प्रती काढल्या. त्यांनी उजेडात धरून बघितल्या. पैसे मोजून काउंटरवर ठेवले. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मला ते सहन होईना.

“बाई, तो शिक्का...”

“वाचला मी. बुधवारचा.”

“तुम्ही सुनावणीत बोलला का नाहीत?”

“बोलून काय झालं असतं? झेरॉक्स काढणं काही गुन्हा नाही.” त्यांनी वही काउंटरवर ठेवली. “मी तीन महिने एकाच गोष्टीचा विचार करतेय. गादीवाल्याला मजला मिळाला. आर्किटेक्टला काम मिळालं. तुम्हाला काय मिळालं? एवढं एक सांगा मला.”

नियम सांगायला मी तोंड उघडलं. जुनं गिऱ्हाईक सांगायला उघडलं. पण त्यांच्या डोळ्यांकडे बघत ते काही तोंडातून बाहेर पडेना. आणि मग जे खरं होतं, जे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते बाहेर पडलं.

“काही मिळालं नाही, बाई. तुमचं कधीच चुकत नाही. एकदा तरी तुमच्या नजरेतून काहीतरी सुटावं, असं वाटलं मला. एवढंच. खिडकी जाईल इथपर्यंत मी विचारच केला नाही. मला गंमत वाटली होती.”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

“सुटलं ना?” त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी प्रती घडी घालून पिशवीत ठेवल्या. “सगळ्यांवर संशय घेतला हो मी,” त्या म्हणाल्या, “एक तुमच्यावर घ्यायचं मनातसुद्धा आलं नाही.” आणि रस्ता ओलांडून गेल्या.

बांधकाम खात्याचं काउंटर माझ्या दुकानातून समोर दिसतं. बाई थर्मासवाल्यांपुढे उभ्या राहिल्या, अर्ज ठेवला आणि भर खात्यात, सगळे बघत असताना, त्यांनी त्या माणसाला हात जोडले. थर्मासवाले गडबडून उठून उभे राहिले. खरं तर ते हात मी जोडायचे होते. मी दुकानातच उभा होतो.